आईला घेऊन काँगरीच्या पूरजंगलात: तीन खेपांचा अनुभव

आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे अमेरिकेत शार्लटला आली. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांची झीज, ऑपरेशनला तिचा ठाम नकार. सपाटीवर काठी घेऊन शंभर-दीडशे पावलं चालते, मग बसावं लागतं. दोडामार्ग तालुक्यात वाढलेली बाई, आणि इथे दीड महिना खिडकीतून पानगळ झालेली झाडं आणि समोरची पार्किंगची जागा बघत बसलेली. जानेवारीच्या शेवटी एकदा म्हणाली, "गो, हंयसर रान खंय नाय काय?"

रान आहे, आणि तेही कसं! शार्लटपासून दक्षिणेला दोन तासांवर, साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहराच्या खाली, काँगरी नॅशनल पार्क आहे. नदीच्या पूरमैदानातलं जुनं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल अमेरिकेच्या आग्नेय भागात एवढ्या मोठ्या सलग पट्ट्यात आता दुसरीकडे उरलेलं नाही. पार्क सुमारे २६,००० एकरांचं, त्यातलं साधारण ११,००० एकर हे असं जुनं जंगल. आणि त्यात शिरायला खांबांवर उभारलेली लाकडी वाट आहे, जिला सगळे बोर्डवॉक म्हणतात. चार किलोमीटरच्या आसपासचा फेरा, व्हीलचेअर जाते. हे वाचलं आणि ठरवलं.

ठरवलं ते फेब्रुवारीत आणि पोचलो एप्रिलमध्ये. मधल्या दोन महिन्यांत काय चुकलं आणि काय शिकलो ते सविस्तर लिहितेय, कारण आईवडील सहा महिन्यांसाठी आलेली आपली बरीच घरं इथे आहेत आणि "त्यांच्या गुडघ्यांना कुठे झेपणार" म्हणून त्यांना मॉल आणि मंदिर यापलीकडे नेलं जात नाही.

आधी पासाचा घोळ

एक अख्खी संध्याकाळ मी नॅशनल पार्कच्या पासांमध्ये घालवली. बासष्टच्या पुढच्यांना स्वस्तात सीनियर पास मिळतो आणि कायमचं अपंगत्व असेल तर अ‍ॅक्सेस पास फुकट असतो, हे माहीत होतं. पण दोन्ही पास फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतात. आई व्हिजिटर व्हिसावर, तेव्हा तिला दोन्ही नाहीत. मी निराश होऊन दुसऱ्या पासांचे दर बघायला लागले आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, की काँगरीला प्रवेश फीच नाही. पार्किंगलाही नाही. दुसऱ्या पार्कांत जाणार असाल तर पासाचं जरूर बघा, इथे गरज नाही.

खर्च लागला तो व्हीलचेअरला. वैद्यकीय सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून आठवड्यासाठी ४० डॉलरला घेतली, वर अनामत रक्कम. मी सांगितलं "हलकी हवी", त्यांनी चारही चाकं लहान असलेली घडीची खुर्ची दिली. विमानतळावर असते तशी. मला त्यातला फरक तेव्हा कळला नाही.

पहिली खेप: फेब्रुवारीचा दुसरा शनिवार

आठवडाभर पाऊस नव्हता, ऊन स्वच्छ पडलेलं. डबे भरले, थर्मासमध्ये चहा घेतला, आय-७७ महामार्गाने खाली निघालो. कोलंबिया सोडल्यावर रस्ता एकदम गावातला होतो. पेट्रोल शहरातच भरून घ्या, आणि खायचंही बरोबर घ्या, कारण पार्कमध्ये खाण्याची सोय नाही.

व्हिजिटर सेंटरच्या दारातूनच बोर्डवॉक सुरू होतो. सुरुवातीचा भाग उंचावर आहे, खाली कोरडी पानं. आई खूश. पण खुर्ची फळीफळीवर खडखडत होती, पुढची लहान चाकं दोन फळ्यांमधल्या फटीत अडकत होती आणि प्रत्येक धक्क्याला तिचा गुडघा दुखत होता. ती काही बोलत नव्हती, ओठ घट्ट मिटून बसली होती. पंधरा-वीस मिनिटांनी वाट खाली उतरायला लागली आणि समोर फळ्या पाण्यात गेलेल्या दिसल्या. कोकाकोलाच्या रंगाचं संथ पाणी, त्यात उभी झाडं, आणि आमची वाट त्या पाण्याखाली नाहीशी झालेली.

आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो. मुलगा म्हणाला, पाऊस नाही तर पूर कसा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई म्हणाली, "पाणी वरसून इला." कोकणातल्या नदीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

परत आल्यावर सेंटरमधल्या रेंजरबाईंनी तेच समजावलं. ब्रॉड आणि सलूडा या दोन नद्या कोलंबियात एकत्र येतात आणि पुढे तिला काँगरी म्हणतात. वर डोंगराळ भागात जोराचा पाऊस झाला की दिवसा-दोन दिवसांनी पाणी इथे पोचतं, इथे आकाश निळंभोर असलं तरी. वर्षातून साधारण दहा वेळा तरी नदी या जंगलात पसरते, जास्त करून हिवाळ्यात. म्हणून याला दलदल म्हणणं बरोबर नाही. दलदलीत पाणी कायम असतं, इथे येतं, गाळ टाकतं आणि जातं. पूर्वी नावात "स्वॉम्प", म्हणजे दलदल, हा शब्द होता. २००३ साली नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला तेव्हा तो शब्द गेला.

मला मात्र खरा धक्का नकाशा बघताना बसला. आमच्या शार्लटच्या पश्चिमेला कटॉबा नदी आहे. ती खाली जाऊन वॉटरी होते, आणि वॉटरी याच पार्कच्या पूर्व टोकाला काँगरीला मिळते. म्हणजे आमच्या भागातलं पावसाचं पाणी शेवटी याच जंगलाच्या कडेला येतं. दोन तास गाडी चालवून आम्ही आपल्याच पाण्याच्या मागोमाग गेलो होतो.

दुसरी खेप, जी झालीच नाही

मार्चच्या मध्याला परत ठरवलं. या वेळी आदल्या दिवशी पार्कला फोन केला. उत्तर मिळालं: खालचा बोर्डवॉक पाण्यात आहे, वरचा भाग उघडा आहे, यायचं तर या. मी रद्द केलं. आई दोन दिवस गप्प होती. तिने साडी काढून ठेवली होती, आणि ती घडी मी परत कपाटात ठेवताना मला फार वाईट वाटलं. आता मागे बघता, वरचा भाग तरी दाखवायला हवा होता असं वाटतं. पण सबंध फेरा एकदाच, नीट, तिला त्रास न होता व्हावा एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

त्यानंतर मी रोज सकाळी दोन गोष्टी बघायला लागले. पार्कच्या संकेतस्थळावर "सध्याची परिस्थिती" असं पान आहे, त्यावर कुठली वाट बंद आहे ते असतं. आणि जंगलातून जाणाऱ्या सीडर क्रीक नावाच्या ओढ्यावर पाणीपातळीचं सरकारी मापक आहे, त्याचा आलेख इंटरनेटवर कोणालाही दिसतो. आकड्यांचा अर्थ लागला नाही तरी रेघ वर चालली आहे की खाली, एवढं पुरतं. रेघ चार-पाच दिवस उतरती दिसली की फोन करायचा. फोन मात्र कराच, कारण पाणी ओसरल्यावर फळ्यांवर निसरडा गाळ राहतो आणि पडलेल्या फांद्या असतात. ते आलेखात दिसत नाही.

व्हीलचेअरही बदलली. मागची चाकं मोठी, रबरी, पुढची जरा रुंद, ब्रेक हाताशी. भाडं पुन्हा ४० डॉलर. बैठकीवर जाड उशी आणि पायांखाली घडी केलेली चादर, म्हणजे फळ्यांचा खडखडाट गुडघ्यापर्यंत जात नाही. चादरीची युक्ती आईची.

तिसरी खेप: एप्रिलचा पहिला शनिवार

सातला निघालो, सव्वानऊला पोचलो. सेंटर नऊला उघडतं. तिथली स्वच्छतागृहं चांगली आहेत. बोर्डवॉकवर पुढे कुठेही सोय नाही, म्हणून वयस्कर माणसांना आधी तिथे जाऊन येऊ द्या. बोर्डवॉकची माहितीपत्रिका मागून घ्या. वाटेवर क्रमांक लावलेले आहेत आणि प्रत्येक क्रमांकाची माहिती तिच्यात आहे. भिंतीवर डासांचं मापक टांगलेलं असतं, एकपासून सहापर्यंत: एक म्हणजे निर्धास्त, सहा म्हणजे युद्धभूमी. त्या दिवशी काटा दोनवर होता. मेनंतर म्हाताऱ्या माणसाला इथे आणू नये असं माझं मत झालंय. फेब्रुवारी ते एप्रिल किंवा मग दिवाळीनंतर.

या वेळी वाट उतरली तेव्हा फळ्या कोरड्या होत्या. दोन्ही बाजूंना ट्युपेलो आणि बाल्ड सायप्रसची झाडं, बुंधे तळाशी रांजणासारखे फुगलेले आणि वर सरळसोट गेलेले. बुंध्यांवर गाळाची फिकट रेघ होती, सगळ्या झाडांवर एकाच उंचीवर, जणू कोणी दोरी धरून आखली आहे. फेब्रुवारीत पाणी तिथवर होतं. मुलाने स्वतःची उंची लावून बघितली, छातीपर्यंत आली.

सायप्रसच्या भोवती जमिनीतून लाकडाचे सुळके वर आलेले असतात. काही वीतभर, काही माणसाच्या कमरेएवढे. मुळांचेच भाग. ते का येतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही: कोणी म्हणतं श्वासासाठी, कोणी म्हणतं भुसभुशीत जमिनीत आधारासाठी. इथे त्यांना गुडघे म्हणतात. हे सांगितल्यावर आईने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ त्या सुळक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे रानजायफळाची असत अशी."

मला माहीत नव्हतं. दोडामार्गात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाची पाणथळ राई आहे. गेल्या काही वर्षांत तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा बातमीत वाचलं होतं. त्या झाडांची मुळंही अशीच चिखलातून वर येतात आणि वाकून परत आत जातात. आई लहानपणी तिच्या आत्येबरोबर तिथे गेली होती, देवाला नारळ ठेवायला. राईतलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही, असं आत्येने बजावलं होतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला निमित्तच झालं नव्हतं.

पुढे एका ठिकाणी वाटेपासून थोडं आत गंजलेले पत्रे आणि पिंपं पडलेली दिसतात. जुन्या चोरट्या दारूभट्टीचे अवशेष. माहितीपत्रिका वाचायच्या आधीच आईने ओळखलं. काजूच्या बोंडांच्या भट्ट्यांच्या मुलखातली ती. या जंगलाने लोकांना लपवलं ते केवळ दारूसाठी नाही. गुलामीच्या काळात मळ्यांवरून पळालेली माणसं या पाण्याझाडीत आसऱ्याला येऊन राहिली होती. पाठलाग करणाऱ्याला इथे शिरणं सोपं नव्हतं.

त्याच दुर्गमपणाने हे जंगल वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस बाइडलरच्या लाकूड कंपनीने इथली जमीन विकत घेतली ती सायप्रससाठी. रस्ता नाही, म्हणून ओंडके नदीतून तरंगत न्यायचे. पण ओलं सायप्रस इतकं जड, की झाडं उभ्या उभ्या वाळवूनही पुष्कळ ओंडके तळाला गेले. साधारण दशकभरात तोड थांबली आणि जमीन तशीच पडून राहिली. १९५० च्या दशकापासून हॅरी हॅम्प्टन हा कोलंबियातल्या वर्तमानपत्राचा संपादक हे जंगल राखा म्हणून लिहीत राहिला, बराच काळ जवळजवळ एकटाच. १९६९ मध्ये लाकडाचे भाव वाढले आणि पुन्हा तोड सुरू झाली, तेव्हा मात्र लोक उठले. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ते राष्ट्रीय स्मारक म्हणून ताब्यात घेतलं. व्हिजिटर सेंटरला हॅम्प्टनचंच नाव आहे. हे सगळं मी आईला खुर्ची ढकलत सांगितलं. तिने फक्त विचारलं, "त्याणां बघलां मा शेवटी?" हो, बघितलं. स्मारक झालं तेव्हा तो हयात होता.

काळ्या चिखलाच्या एका जागी थांबलो. डोरोव्हन मक म्हणतात त्याला, चिकणमाती आणि कुजलेल्या पानांचा थर, सुमारे आठ फूट खोल. पुराबरोबर येणारी घाण त्यात अडकते आणि पाणी गाळून पुढे जातं. वास शेतात चिखलणी करताना येतो तसाच. आईने खुर्ची थांबवायला लावली ती या वासासाठी.

इथे एक सावधगिरी. खालच्या वाटेवर काही भागांत कठडा नाही, कडेला फक्त बुटकी पट्टी आहे. थांबताना दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची वाटेच्या मधोमध, तिरकी नको. समोरून माणसं आली तर तीच बाजूने जातात, कोणी कुरकुरलं नाही.

साडेअकराच्या सुमारास वेस्टन लेकच्या सज्जावर पोचलो. हा तलाव म्हणजे नदीनेच टाकून दिलेलं वळण, शाळेत शिकलेलं नालाकृती सरोवर. आज नदी इथून तीनेक किलोमीटर दूर गेली आहे. सज्जावर बाक आहेत. डबा काढला, घावणे आणि लसणाची चटणी. पाण्यात कासवं एका ओंडक्यावर ओळीने ऊन खात होती. हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळाधमक इवलासा पक्षी सायप्रसच्या ढोलीत जा-ये करत होता. तो प्रोथोनोटरी वार्ब्लर, एप्रिलमध्ये दक्षिणेकडून येतो. आणि भरदुपारी घुबड ओरडलं, आठ हुंकारांची लय, दुरून दुसऱ्याने उत्तर दिलं.

परतीची वाट उंचावरून जाते, माणसाच्या डोक्यावरून. कठडे आहेत. इथे लॉब्लॉली पाइन लागतात. हा वृक्ष एरवी कोरड्या माळावर वाढणारा, इथल्या पूरमैदानात मात्र पन्नास मीटरपर्यंत पोचला आहे. १९८९ च्या ह्यूगो वादळात यांचे आणि इतरही किती महावृक्ष पडले. ते उचललेले नाहीत. पडलेल्या खोडावर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि वर आभाळात पडलेल्या भोकातून आलेल्या उन्हात नवी रोपं. मी जंगलं पाहिली आहेत, पण मेलेल्या झाडाला इतकी जागा दिलेली पहिल्यांदाच बघत होते.

एका पाइनचा बुंधा कठड्याला इतका खेटून होता, की हात पोचेल. आई म्हणाली, "मी उठतंय." मी नको म्हणत होते. मुलाने ब्रेक लावले, मी बगलेत हात घातला, आणि ती उभी राहिली. कठडा धरून पाच-सहा पावलं चालली, दोन्ही तळवे सालीवर टेकले, कपाळ टेकलं. मग वर बघितलं. शेंडा दिसत नव्हता. "केवढो गो हो रुख," एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही कोणी काही बोललो नाही.

परत बसल्यावर तिचं लक्ष नातवाच्या खिशाकडे गेलं. त्याने पाइनचा एक शंकू उचलून घेतला होता. "ठेव तो हंयच. राईतला काय नेवचा नसता." तो म्हणाला, "आजी, हा पार्कचा नियमपण आहे, पाटीवर लिहिलंय." आणि त्याने तो कठड्यावरून खाली सोडला.

गाडीपाशी आलो तेव्हा पावणेदोन झाले होते. चार किलोमीटरला सव्वाचार तास. पत्रकात सांगितलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त, पण घाई केली असती तर हे काहीच झालं नसतं, म्हणून सकाळी लवकर पोचा. आईने घरी येईपर्यंत झोप काढली, रात्री गुडघे शेकले, दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच दुखत होतं. एकूण हिशोब: दोनदा व्हीलचेअरचे ८० डॉलर, प्रत्येक खेपेला पेट्रोलचे साधारण २५.

सोमवारी खुर्ची परत करायला जाताना चाकांतला गाळ धुतला, अनामत रक्कम पूर्ण मिळाली.

मेच्या मध्यापासून तिथे एकाच तालात चमकणारे काजवे असतात. त्यासाठी सोडत निघते, अर्ज साधारण एप्रिलमध्येच करावा लागतो. आम्ही भरला आहे. आईचं परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्याचं आहे. काल रात्री इथे शार्लटमध्ये मुसळधार पाऊस पडला. सकाळी मी चहा ठेवायच्या आत ती माझा फोन घेऊन आली आणि म्हणाली, "गो, ती रेघ बघ मगे. वर गेली काय?"